दोन डाव्या बाह्या

एमआरआयच्या खोलीबाहेरच्या ट्रेमध्ये नऊ टाचण्या, दोन सुया, एक अंगुस्तान, एक घड्याळ आणि एक चष्मा जमा झाला होता. टाचण्या तीन हप्त्यांत निघाल्या. कॉलरमागून पाच, बाहीतून तीन, आणि "आता एकही नाही, शपथ घेते" म्हणून झाल्यावर कमरेपाशी एक.

"काकू, आत मोठं चुंबक आहे. चेष्टा नाही," मी म्हटलं.

"अगं, शिंपिणीच्या अंगावर टाचण्या नाहीतर काय मोत्यांचे सर असणार?"

शेवटी त्यांना आमचा झगा दिला, त्यांच्या नंबरचा प्लास्टिकचा चष्मा लावला आणि आत सरकवलं.

बाहेर बाकावर त्यांची लेक बसली होती. दुकान दोघींचं. महिन्यापूर्वी आईने एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या, तेव्हापासून लेकीच्या जिवाला घोर लागला होता. आजच्या चाचण्यांत आकडे खाली आले, तर कापायचं टेबल लेकीकडे जाणार, असं घरी ठरलं होतं.

वयाबरोबर स्मरणशक्ती कशी बदलते, हे आम्ही तपासतो. आधी खोल्यांची चित्रं दाखवायची. मग तीच चित्रं पुन्हा, पण प्रत्येकात एक वस्तू हलवलेली किंवा सगळं जसंच्या तसं. एमआरआयमध्ये काकूंनी बदल ओळखून बटण दाबायचं होतं. वीसपैकी सतरा बरोबर आले.

"आत मेंदू दिसला ना?" बाहेर येताच त्यांनी विचारलं. "हिला सांग. हिची खात्री नाही."

"आई, गप्प बस जरा."

काकूंनी आपले कपडे घातले, ट्रेमधून आपला चष्मा उचलून नाकावर चढवला आणि त्या दुसऱ्या चाचणीला बसल्या. इथे बटण नसतं. पडद्याखालचा कॅमेरा नजर टिपतो. बदल लक्षात आला असेल, तर नजर आपसूक तिथे वळते. वीस नवी चित्रं दाखवली, मग प्रत्येकात एक वस्तू हलवून पुन्हा. नजर बदललेल्या जागी गेली फक्त नऊदा.

लेकीने आकडा पडद्यावर वाचला आणि मान खाली घातली. काकू टाचण्या एकेक करून कॉलरला लावत राहिल्या.

"नऊ म्हणजे फारच कमी," आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या. "डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दे."

पण अर्ध्या तासात सतराचे नऊ कसे झाले? मी नजरेच्या रेषा उघडून पाहिल्या. अकरा चुकांपैकी दहा पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात होत्या, आणि तिथे चुकीची रेषा नव्हती, रेषाच नव्हती. माणूस दुसरीकडे बघत असेल, तर रेषा दुसरीकडे उमटायला हवी. कॅमेऱ्याला डोळाच सापडला नव्हता, आणि आमचा प्रोग्रॅम त्याला 'पाहिलं नाही' असं धरत होता.

मी काकूंकडे वळले. त्या चष्मा काढून पुसत होत्या. दोन्ही भिंगांवर आडवी रेघ होती, लांबचं वर आणि जवळचं खाली.

"काकू, आत आम्ही दिलेला चष्मा एकाच नंबरचा होता ना?"

"हो. बरं दिसत होतं त्यातून. का गं?"

खाली पाहताना ती रेघ नेमकी कॅमेरा आणि डोळ्याची बाहुली यांच्या मध्ये येत होती. मी मॅडमना रेषा दाखवल्या. त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग म्हणाल्या, "चित्रांचा नवा संच घे. चष्मा आपला प्लास्टिकचा."

"पुन्हा?" काकू म्हणाल्या. "आणि तो कोट म्हणशील, तर हिच्याशी फोनवर भांडत कापला होता मी."

"म्हणजे माझंच चुकलं?" लेक म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने हळूच विचारलं, "हिच्या वयाच्या लोकांचे किती येतात?"

"सरासरी चौदा."

"चौदाच्या वर गेलीस तर टेबल तुझं, आई."

"आणि फोन तुझा," काकू म्हणाल्या. त्यांनी पडद्यासमोरच्या टेकूवर हनुवटी टेकवली.

मी चित्रं सुरू केली. या वेळी खालच्या भागातही रेषा उमटत होत्या.

वीसपैकी अठरा.