पुठ्ठ्याएवढं कवच

मित्रांनो, मी एक जुनी पृथ्वी आहे, आणि तीही अर्धीच. माझ्या पोटातलं दिसावं म्हणून भूगोलाच्या बाईंनी मला मुद्दाम अशी घडवली. कागदाचा लगदा मळून त्यांनी थरावर थर चढवले. मधोमध पिवळा अंतर्गाभा: धगधगता, पण प्रचंड दाबामुळे घट्टच राहिलेला. त्याभोवती वितळलेल्या लोखंडाचा केशरी बाह्यगाभा. मग सगळ्यांत जाड, खडकांचं तांबडं प्रावरण. आणि वर तपकिरी भूकवच, चांगलं बोटभर जाडीचं.

माझं कौतुक झालं, नाही असं नाही. पण मग माझ्या शेजारी पृथ्वीगोल आला. निळा, गुळगुळीत, टिचकी मारली की गरगर फिरणारा. मुलं वर्गात शिरली की आधी त्याच्याकडे धावत. एका मुलीचे वडील बोटीवर कामाला होते. ती रोज समुद्रावर बोट ठेवून म्हणायची, "आज बाबा इथं असतील."

माझ्या पोटात कुणाचेच बाबा नव्हते. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा नव्या मुख्याध्यापिका वर्गात आल्या. "बाई, एका फळीवर दोन दोन पृथ्व्या कशाला? ती अर्धी द्या भंगारात."

"राहू द्या ना, मॅडम. तो धडा यायचाय अजून."

"धड्यात चित्र आहे की!"

शिपाईमामा स्टुलावर चढले. मला कवेत घेताना त्यांचं कोपर लागलं आणि पृथ्वीगोल धाडकन खाली पडला. विषुववृत्तावरचा सांधा उकलून त्याची दोन शकलं झाली. बोटीवाल्याच्या मुलीनं एक शकल उचललं. "अय्या बाई, हा तर आतून रिकामा!"

खरं सांगते, माझी कळी खुलली.

बाईंनी त्या शकलाची कड चिमटीत धरली. मग माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं आई! एवढ्या पृथ्वीला कवच हवं ते फक्त एवढं, ह्या पुठ्ठ्याएवढं. आणि मी हिला रजईच पांघरून बसवलीय!"

मॅडमनीही कड चाचपून पाहिली. "एवढंसंच? आणि ह्यावर आपण सगळे उभे?"

"सगळे. डोंगर-समुद्रासकट."

मॅडमनी कडेवरचं बोट अलगद उचललं. मग म्हणाल्या, "मामा, ठेवा तिला परत."

बाईंनी माझा तपकिरी थर खरवडून काढला आणि ते निळं शकल माझ्या पाठीवर टोपीसारखं बसवलं. ज्याचा इतका हेवा केला, तोच आता माझी कातडी झाला आहे. मुलं अजूनही आधी त्याच्याकडेच येतात. मला भिंतीकडे तोंड करून बसावं लागतं. जळते मी, अजूनही जळते.

पण परवा त्या मुलीनं नेहमीसारखं समुद्रावर बोट ठेवलं आणि मग हळूच मला फिरवलं. पिवळ्या गाभ्यापर्यंत पाहून म्हणाली, "बाबांच्या खाली एवढं सगळं आहे?"

तेवढ्यावर माझं पोट भरलं.

म्हणून मित्रांनो, खुशाल बोट ठेवा, पण हलक्या हातानं. कवचाला नखं लावू नका, ओरखडे काढू नका. पुठ्ठ्याएवढंच आहे ते, आणि तुमची सगळी माणसं त्याच्यावरच आहेत.