रिकामे कप्पे

“आधी गॅस, मग दिवा, मग कुलूप. किल्ली गळ्यात. आणि गोळी चुकली तर मला सांगायचं. मी रागावणार नाही, पण लपवायचं नाही. शब्द दे.”

ताईचं ते बोलणं मनात घोळवत आक्कानं कपात चहा ओतला. बशीत थेंबही सांडला नाही.

समोर तपासनीस बाई कागदावर खुणा करत होत्या. ताई दाराशी उभी होती. आज तिला तोंडातून ब्र काढायची परवानगी नव्हती. बावीस वर्षं मनोरुग्णांच्या संस्थेत, बारा खाटांतल्या एका खाटेवर काढल्यावर आक्काला ही एवढीशी खोली मिळाली होती. ताई आठवड्यातून दोनदा यायची, बाजार करायला शिकवायची, गोळ्यांची डबी भरून द्यायची. वयानं निम्मी, पण आक्का तिला ताईच म्हणायची. आज काही चुकलं तर पुन्हा ती खाट, एवढं आक्काला पक्कं ठाऊक होतं.

“रोज सगळं तुम्हीच करता?”

“मग काय! साखर बेतानंच टाकलीय बरं का. गोड झाला तर तेही लिहाल.”

बाई हसल्या. त्यांनी डबी उघडून पाहिली. कालपर्यंतचे चारही कप्पे रिकामे.

“छानच की! तुम्हाला आता कुणाची गरज नाही. पहिल्या तारखेपासून ताईंचं येणं बंद.”

आक्कानं ताईकडे पाहिलं. ताई खाली वाकून चपलेचा पट्टा लावत होती. तो काही केल्या लागेना.

“चांगलंच झालं गं आक्का,” ती मान वर न करता म्हणाली. “येते मी.”

दोघींच्या पाठीमागे दार लागलं. पाठोपाठ मोरीतल्या नळानं आक्काला हाक मारली. नळ घट्ट बंद होता. परवापासून तो असाच हाका मारत होता.

तिनं उशीच्या अभ्र्यात हात घातला. चारही गोळ्या तिथंच होत्या. गोळी घेतली की हात थरथरायचा. आज चहा सांडला असता.

सांगितलं तर खाट. नाही सांगितलं तर...

पुढचं नळ बोलला. आक्कानं दोन्ही कानांवर हात दाबले. पण आवाज बाहेरून येतच नव्हता, तो अडणार कसा?

ती खिडकीशी गेली. खाली बसथांब्यावर दोघी उभ्या होत्या. बाई कागद पिशवीत ठेवत होत्या.

आक्कानं गोळ्या रुमालात बांधल्या. गॅसची कळ फिरवून पाहिली. दिवा मालवला. कुलूप लावून दोनदा ओढलं, किल्ली गळ्यात घातली. मग कठड्याला धरून, रुमाल मुठीत आवळून, ती एकेक पायरी उतरू लागली.