घरच्यांचे कसले आभार?

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मास्तर तोंडभरून धन्यवाद द्यायचे. कुणी नुसतं बटण लावून घेतलं, तरी "धन्यवाद साहेब, पुन्हा या!" ठरलेलं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत संसार. कापणं-बेतणं मास्तरांचं, काजं, बटणं आणि सगळी हातशिलाई बायकोची. "मास्तर, तुमच्या हातशिलाईला तोड नाही," असं गिऱ्हाईक म्हणालं, की मास्तर खुशाल मान तुकवून धन्यवाद म्हणायचे. पडद्याआडच्या बाईला ते ऐकू यायचं. ती पुढच्या काजाला लागायची.

त्या वर्षी लेक परदेशी नवऱ्याला घेऊन राहायला आली. जावई मोडकंतोडकं बोलायचा, पण सासूने पाणी दिलं की धन्यवाद, चहा दिला की धन्यवाद, ताट उचललं तरी धन्यवाद! मास्तरांची हसून पुरेवाट झाली.

"अहो, तुमच्याकडे बायकोला पावतीही फाडून देतात की काय?" ते गिऱ्हाइकांदेखत म्हणायचे. "आपल्यात घरच्यांचे कसले आभार? आभार मानायचे ते परक्यांचे!"

निघायच्या दिवशी मास्तरांनी जावयाला नवा कोट घातला. त्याने तो काढून उलटा केला, आतल्या टाक्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"आईने," लेक म्हणाली.

मास्तरांनी कौतुक घ्यायला मान आधीच तुकवली होती. जावई त्यांच्या शेजारून आत गेला, सासूसमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "आई, माझ्यासाठी इतकं सुंदर काम कुणीच केलं नव्हतं. धन्यवाद."

आणि बाई हमसून हमसून रडू लागली!

पाहुणे गेल्यावर मास्तर फुरंगटले. "रडायला काय झालं एवढं? मी काय कमी केलं तुला?"

"काहीच नाही. मला ताप आला की तुम्ही दुकान बंद करून उशाशी बसता, हे मी विसरलेले नाही. आणि तिकडचं सगळंच चांगलं असंही नाही; जावयाची आई तिकडे एकटी राहते, ते मला मुळीच पटत नाही." ती थांबली. "पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला सुई बंद करायला सांगितली आहे. तो कोट माझं शेवटचं काम होतं. आयुष्यभर शिवलं आणि ते छान आहे हे शेवटी परक्या मुलखातल्या पोराने सांगितलं. तुमच्या मनात असेलही हो. मला आपलं एकदा ऐकायचं होतं."

दुसऱ्या दिवसापासून हातशिलाई मास्तर स्वतःच करू लागले.

दुसऱ्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने पँटची कड उलटून पाहिली. "मास्तर, नेहमीची सफाई नाही हो!"

"नेहमीचं काम माझ्या बायकोचं असायचं," मास्तर म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच!

गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये."

ती भिंतीला हात लावत आली. "आले, आले. काय हवंय?"

"काही नको."

"मग हाक कशाला मारलीत?"

 काही नको असताना आपण हिला कधी हाक मारली होती, ते मास्तरांना आठवेना. फार फार वाईट वाटलं त्यांना.

"तुझे आभार मानायचे होते," ते कसंबसं म्हणाले. "सगळ्याच कामाचे."

बाई चमकली. चाचपडत पुढे आली आणि तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

मंडळी, म्हाताऱ्या आईला एकटं ठेवू नये, हे आपण तिकडच्यांना जरूर सांगावं. पण घरच्या माणसाचे आभार मानायला त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा कसला? फक्त ते वेळेवर शिकावं. आपण चांगलं बोललो, तर आपल्याला ताप आलाय की काय, असं घरच्यांना वाटायच्या आत!