सात तास झोप

मी आता बोलते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरी देतानाही बाजूच्या मुलीला म्हणायची, माझी तू दे. यंदा शिक्षक दिनाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आहे. आचल, नववी ब. आणि हे बोलणं मला शाळेनं शिकवलं नाही, अकोल्याच्या एका दवाखान्यातल्या कागदानं शिकवलं.

आमचं घर मूर्तिजापूरला. आईला तीन वर्षांपासून डिप्रेशन आहे. नुसतं उदास नाही, उदास तर मीही होते गणिताच्या पेपरनंतर. आई उठायचीच नाही. केस विंचरायला बसली तर फणी हातात तशीच, दुपारपर्यंत. अमरावतीच्या डॉक्टरांनी दोन वर्षांत तीनदा औषधं बदलली आणि शेवटी म्हणाले, हा आजार गोळ्यांना दाद देत नाही, अकोल्याला चुंबकाचं मशीन आहे, तिथं दाखवा. आईनं त्यातलं एवढंच ऐकलं की यांनी आपल्याला परत पाठवलं. घरी येऊन ती बाबांना म्हणाली, "तिथूनई परत पाठवलं तं मी पुन्हा गाडीत नाई बसत. सांगून ठेवतो."

ती हे ओरडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीकडे बघून म्हणाली.

तीस दिवसांचे उपचार, आठवड्याचे पाच दिवस. बाबा एसटीत कंडक्टर, अचलपूरची गाडी त्यांच्याकडे, त्यामुळे पहिले तीन दिवस ते आणि मी दोघं, मग मी एकटीच. माझी शाळा बाराची. सकाळच्या गाडीनं अकोला, दवाखाना, परतीची गाडी, आणि स्टेशनवरून थेट वर्गात.

दवाखान्यात आधी आईचं मंगळसूत्र, कानातले, केसातल्या पिना, सगळं माझ्या डब्याच्या झाकणात काढून ठेवायचं. धातू चालत नाही. मग ती खुर्चीत बसायची, कानात बोळे घालायची, आणि मैथिली मॅडम, म्हणजे तिथल्या डॉक्टर, तिच्या कपाळाच्या डाव्या अंगाला इंग्रजी आठच्या आकाराचं जड वेटोळं टेकवायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी माप घेतलं. डोक्यावर एका जागी टक केलं की आईचा उजवा अंगठा आपोआप उडायचा. माझ्या अंगावर काटा आला. आई मात्र अंगठ्याकडे अशी बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

मग रोज चार सेकंद टकटक, सव्वीस सेकंद शांत. असं सदतीस मिनिटं.

आणि तो कागद. रोज सुरुवातीला अवनी सिस्टर चार प्रश्न विचारायच्या. काल किती तास झोप झाली, सकाळी खाल्लं का, औषधात बदल आहे का, डोकं दुखतं का. आई तोंड उघडायची नाही, म्हणून मी सांगायची, मीच लिहायची. खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं की झोप झालेली नसेल किंवा पोट रिकामं असेल तर आधी सांगावं, फिट येण्याची शक्यता वाढते. हे मी पहिल्याच दिवशी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. मला मोठी हुशारी वाटली होती.

अकराव्या दिवशी गाडीत आई एकदम म्हणाली, "तुह्या वेणीची रिबीन कुठी गेली?" तीन वर्षांत तिनं माझ्या वेणीकडे पाहिलं नव्हतं. रिबीन कधीची हरवली होती. मी खिडकीकडे तोंड करून रडले, आणि वर्गात पोचल्यावर पहिल्यांदा हात वर केला.

चौदाव्या दिवशी तिनं घरात जाहीर केलं, "औंदा महालक्ष्म्या मीच करतो."

तीन वर्षं मोठी आई, म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची बायको, आमच्या घरी येऊन महालक्ष्म्या बसवत होती. तिनं ऐकलं आणि आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. बाबांनी दोन फेऱ्यांमध्ये वेळ काढून बाजारातून सोळा भाज्या आणल्या. सोमवारी पूजन होतं. मॅडमनी त्या दिवशीची सुटी हसत दिली, तो दिवस शेवटी जोडू म्हणाल्या. आम्ही त्यांना हे सांगितलंच नाही की आमच्याकडे घरची बाई आदल्या रात्री झोपत नाही. पुरण, आंबील, सोळा भाज्या, देवीच्या डोक्यावर टांगायचा फुलोरा, सगळं पहाटेपर्यंत तिच्याच हातचं लागतं. शिवाय तिसऱ्या दिवशी देवी उठेपर्यंत तिनं प्रसादाच्या घासापलीकडे काही खायचं नाही. न सांगण्यात लपवाछपवी नव्हती. हे सांगायची गोष्ट आहे, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आई करंज्या तळत होती, आणि आम्ही सगळे वेड्यासारखे खूश होतो.

सोमवारी हळदी-कुंकवाला अर्धी गल्ली आली. नंतर भांडी. मंगळवारी सकाळी मी उठले तेव्हा आई अंगण झाडत होती. डोळे लाल, ओठ कोरडे. गाडीत बसल्यावर मला हिशोब लागला. दोन रात्रींत मिळून दोन तास झोप, पोटात चमचाभर पुरण.

मी तिला सांगितलं की आज कागदावर खरं लिहावं लागेल.

ती हळूच म्हणाली, "सात तास लिहिजो."

मी म्हटलं, खाली काय छापलं आहे ते तुलाही माहीत आहे.

"मले आज बरं वाटून राह्यलं, आचल. आज परत नको पाठवू देऊ मले."

बोरगाव स्टेशन मागं गेलं. माझा सगळा धीर, हजेरी, सूत्रसंचालन, सगळं कुठं गेलं देव जाणे. खरं सांगितलं तर आई पुन्हा गाडीत बसणार नाही, पुन्हा भिंत, पुन्हा फणी. खोटं सांगितलं तर ते वेटोळं तिच्या डोक्यावर आणि पुढं काय होईल ते मला दिसत होतं.

दवाखान्यात मी पेन काढलं. सिस्टरनी नेहमीसारखं माझ्याकडे बघून विचारलं. पण त्या दिवशी आईनंच उत्तर दिलं. "सात तास झोपली. पोळी खाऊन आली." एवढी दोन वाक्यं ती तिथं आजपर्यंत सलग बोलली नव्हती. सिस्टरना एवढा आनंद झाला की त्या म्हणाल्या, बघा, आज ताईच बोलल्या. मला म्हणाल्या, लिही गं.

मी लिहिलं. सात.

मंगळसूत्र झाकणात पडलं. हिरव्या बांगड्या राहू दे, सिस्टर म्हणाल्या, काचेच्या आहेत. आई खुर्चीत टेकली, कानात बोळे गेले. मैथिली मॅडम आल्या, कागद पाहिला, वेटोळं खाली घेतलं. आईनं डोळे मिटले. तिचा उजवा हात मांडीवर होता, हळदीनं पिवळा, आणि अंगठा नुसताच थरथरत होता. मशीन अजून सुरूही झालं नव्हतं.

"मॅडम, थांबा," मी म्हटलं. "ते सात खोटं आहे. दोन तास झोपली ती, दोन रात्रींत. आणि उपाशी आहे."

मॅडमचा हात तिथंच थांबला. आईनं बोळे काढले नव्हते, पण तिला कळलं. माझ्याकडे बघितलं तिनं.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी मला सगळं विचारलं, महालक्ष्म्यांचं ऐकून स्वतःच्याच कपाळाला हात लावला, म्हणाल्या, मी सुटी देताना विचारायला हवं होतं. मग आईसमोर स्टूल ओढून बसल्या. आज मशीन लावणार नाही, आज जेवा, झोपा, उद्या याच वेळी याच खुर्चीत या, तुमची जागा कुठंही जात नाही, असं दोनदा सांगितलं. आई ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. ती उठली. मंगळसूत्र न घालता चालायला लागली. मी डबा घेऊन मागं.

अकोल्याच्या फलाटावर ती पिवळ्या पट्टीच्या पुढं जाऊन उभी राहिली. गाडीची घोषणा झाली. मी तिच्या आणि रुळांच्या मध्ये शिरले.

"कायले मधात आली?" ती म्हणाली. "मी काई करत नाई."

मी हलले नाही. ती एक पाऊल मागं सरकली, मग दुसरं.

"काहून बोलली तू?"

"तुले फिट आली असती तं?"

"आली असती तं आली असती."

"अन् मी काय केलं असतं मंग?" माझा आवाज फाटला. "मी लिहिलं होतं सात. माह्या अक्षरात."

गाडी आली तशी ती चढली आणि मूर्तिजापूरपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली. मी त्या दिवशी शाळेत गेले नाही. मोठ्या आईला कळलं तेव्हा तीही चिडली. देवीचं केलं म्हणून दवाखाना बंद करतात का, असं ती बाबांना विचारत राहिली. बाबा म्हणाले, चूक आपली आहे, तिची नाही आणि पोरीचीही नाही. आई दाराशी उभी होती. तिनं ते ऐकलं असावं.

संध्याकाळी महालक्ष्म्या उठवायच्या होत्या. दहीभाताचा नैवेद्य झाला. आईनं दोघींवर अक्षता टाकल्या, मुखवटे जागचे किंचित हलवले, आणि दरवर्षी म्हणतात ते म्हणाली, "आता जा. पुढच्या वर्षी या." म्हणता म्हणता ती मध्येच थांबली, मुखवट्यावरचा हात तसाच ठेवून. सकाळी मॅडमनीही तिला 'उद्या या' असंच म्हटलं होतं. मोठी आई घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मग आईनं मुखवटे पुसून पेटीत ठेवले, ताट घेतलं आणि दहीभात खाल्ला. दोनदा वाढून घेतला. आठ वाजता ती झोपली होती.

मला मात्र कुठली झोप. एकच प्रश्न होता, सकाळी ती गाडीत बसेल का.

मी जागी झाले तेव्हा अंथरुणात ती नव्हती. माझं दप्तर उघडं होतं. मी धावत बाहेर आले. आई ओसरीवर बसली होती, केस विंचरलेले, मांडीवर माझी वही, हातात माझं पेन. दवाखान्याचा तो कागद रोज सिस्टर देतात, घरून न्यायचा नसतो, हे इतक्या दिवसांत तिच्या लक्षातच आलं नव्हतं. वहीच्या मधल्या पानावर तिनं वाकड्या अक्षरात लिहिलं होतं. झोप नऊ तास. पोळी दोन. डोकं थोडं दुखते.

"आजपासून मी सांगन," ती म्हणाली. "तू नुसती बस."

आता एवढं बोलायला शिकले, तर हिनं माझं कामच काढून घेतलं. मी थोडी फुरंगटलेच, खरं सांगते. मग तिनं पदराच्या गाठीतून नवी लाल रिबीन काढली आणि म्हणाली, चाल लवकर, गाडी निघून जाईन.