फिरस्ता : नोंद अपुरी

वेलांटीनं कार्डांच्या कपाटातला ‘ट’चा खण जेमतेम चार बोटं ओढला. टॉवेलचं टोक हाताला लागतंय तोच मागून बाईंचा आवाज आला.

“‘फ’चं काम ‘ट’मध्ये काय करतोस रे?”

“टाचणी शोधत होतो.”

“टाचणी तुझ्या खिशाला लावलेली आहे.”

त्यानं खण ढकलला. शब्दकोशाच्या त्या कार्यालयात तो पाच वर्षं सहायक होता. उंच, आणि मानेपाशी असा वाकलेला, की बाईंनी पहिल्याच दिवशी ठेवलेलं नाव हजेरीपटातल्या नावापेक्षा जास्त टिकलं. बाई मुख्य संपादक. त्यांच्या हाताखाली तो एकटा. त्याच्या हाताखाली कोणी नाही, फक्त तळमजला.

दुपारी संस्थेचे पाहणी अधिकारी येणार होते. कार्डांचे फोटो काढायचं ठरलं होतं. त्याआधी ते एकूण एक खण उघडून बघणार, असं सकाळीच कळलं. आणि खणांत वेलांटीचा संसार होता.

घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा त्याची खोली गेली. दुसरी मिळेपर्यंत, चार दिवस म्हणून तो तळमजल्यावर पुस्तकबांधणीच्या खोलीत पाठ टेकू लागला. त्या चार दिवसांना आता सात आठवडे झाले होते. ‘कार्यालयात मुक्काम करणाऱ्यास कामावरून काढण्यात येईल’ अशी पाटी जिन्यात होती. ती त्यानंच लिहिली होती आणि शुद्धलेखनाबद्दल शाबासकीही मिळवली होती. सामान त्यानं अर्थातच वर्णानुक्रमे लावलं. उशी ‘उ’मध्ये, साबण ‘स’मध्ये. मोजे ‘म’त की पायमोजे म्हणून ‘प’त, यात दोन दिवस गेले. बाकी तक्रार नव्हती. फक्त वरच्या मजल्यावर उंदीर असावेत. रात्री त्यातला एक शिंकायचा.

“बस इकडे,” बाई म्हणाल्या. “‘फिरस्ता’ आज हातावेगळा करायचा. वाच, काय लिहिलंस.”

तो खुर्चीच्या काठावर टेकला. एक डोळा घड्याळावर, एक पाय जिन्याच्या दिशेला.

“फिरस्ता. नाम, पुल्लिंग. घरदार नसलेला, रिकामा भटकणारा माणूस.”

“रिकामा कशावरून?”

“मग काय, भरलेला लिहू?”

“आणि घरदार नसलेला कशावरून? ‘फिरणे’वरून शब्द आला. फिरतो तो फिरस्ता. घराबद्दल शब्द अवाक्षर काढत नाही, तू कशाला काढतोस?”

“जुन्या कार्डावर पेन्सिलीनं वेगळंच आहे, बाई. फारसी फिरिश्ता. म्हणजे देवदूत. मुळात अर्थ, धाडलेला.”

“नुसता आवाज जुळतो म्हणून नातं लावायचं नाही. खोड ते.”

त्यानं खोडरबर घेतलं, पण ते कागदावर टेकवायला वेळ लावला.

“धाडलेल्याला निदान धाडणारा तरी असतो,” तो पुटपुटला.

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

“जरा पाणी पिऊन येतो.”

“चौथ्यांदा?”

तो उठला तेवढ्यात जिन्यात बूट वाजले.

अधिकारी यादी घेऊन आले आणि थेट कपाटाला भिडले. ‘अ’ ठीक. ‘आ’ ठीक. ‘उ’मधून त्यांनी उशी काढली आणि ती मांजराचं पिल्लू धरावं तशी उचलून धरली.

वेलांटीला आता खरोखरच पाणी प्यायचं होतं.

“नमुना आहे,” बाई म्हणाल्या.

“शब्दकोशात वस्तू?”

“वस्तू पाहिल्याशिवाय आम्ही अर्थ लिहीत नाही.”

“मग हत्तीचं काय करता?”

“‘ह’ अजून यायचाय.”

अधिकाऱ्यांनी यादीत काहीतरी लिहिलं आणि ‘च’चा खण ओढला. वेलांटी निर्धास्त होता; ‘च’मध्ये त्याचं काहीच नव्हतं. चादर असती तर तो बांधणीच्या कापडावर झोपलाच नसता.

आत चादर होती. निळ्या फुलांची, चार घड्या घातलेली. तिच्याशेजारी कागदात गुंडाळलेल्या बायकी चपला.

“‘चादर’, ‘चप्पल’,” बाई चष्मा पुसत म्हणाल्या. “त्या नोंदी मी स्वतः बघते.”

पुढचे खण भराभर झाले. टॉवेल, दाढीचा ब्रश, मोजे, साबण. ‘ह’मध्ये अधिकाऱ्यांनी हात पार मागपर्यंत घालून पाहिला, हत्ती नव्हता. शेवटी ‘ळ’. तो ठार रिकामा.

“इथे नमुना नाही?”

“‘ळ’वरून शब्दच सुरू होत नाही, साहेब,” वेलांटी म्हणाला.

“मग खण कशाला केला?”

“सुताराला सांगायचं राहिलं.”

‘नमुने सुस्थितीत’ असा शेरा मारून अधिकारी गेले. बुटांचा आवाज जिन्यातून पार खाली जाईपर्यंत दोघंही हलले नाहीत.

“अरे, सगळं ‘ळ’मध्ये नाही का कोंबायचं, गाढवा?”

“‘ळ’वरून माझ्याकडे काही नाही, बाई.”

बाईंनी विचार केला आणि मान डोलावली. संपादक म्हणून त्यांना ते पटलं. मग खणांतून उडालेली धूळ नाकात गेली आणि त्या शिंकल्या.

वेलांटी खुर्चीत नीट, पाठ टेकून बसला. सकाळपासून पहिल्यांदाच.

“बाई, इथे वरच्या मजल्यावर उंदीर किती असतील?”

“एकच.” त्यांनी ‘फिरस्ता’चं कार्ड स्वतःकडे ओढलं. “आणि खाली?”

“खालीही एकच.”

त्यांनी कार्ड वाचलं. ‘घरदार नसलेला’ आणि ‘रिकामा’ यांवर एकेक रेघ मारली. पेनाचं टोपण लावता लावता थांबल्या.

“अनेकवचन राहिलंय की,” त्या म्हणाल्या, आणि ‘पुल्लिंग’च्या पुढे बारीक अक्षरात लिहिलं : फिरस्ते.