सतराव्यावरचा सात नंबर

लाकडी टी. मधोमध मोडलेली, टोकाला पांढऱ्या रंगाचा एवढासा टवका… व्हर्ना स्टकीने ती बुटाने उलटी केली, मग वाकून उचललीच — गुडघा कुरकुरला, कुरकुरू दे मेला — आणि खिशात टाकली. जिच्यावर चेंडू ठेवून मुली मारतात ती ही खुंटी; मोडली की तिथेच टाकून पुढे जातात. सकाळपासून खिशात बऱ्याच जमल्या होत्या.

सतराव्या होलची ही जागा तिची. कॉलेजच्या गोल्फमध्ये कोचला खेळाडूशी बोलायची मुभा असते. बाकीचे कोच गाडीत बसून मैदानभर भटकतात, ही मात्र संघ उभा केला त्या वर्षापासून, स्पर्धा घरच्या मैदानावर असली की, या आखूड होलपाशीच खांबासारखी. दक्षिणेचा वारा इथे समोरून येतो आणि फसवतो. मुलगी येते, विचारते, "कोच, काय मारू?" ही चिमूटभर गवत उडवते, क्लबचा, म्हणजे मारायच्या काठीचा, नंबर सांगते. मुलगी मारते आणि निघून जाते… सगळ्या निघूनच जातात. लग्नांना बोलावतात, पोरांचे फोटो पाठवतात, सगळं खरं; पण इथून पुढे त्या चालत जातात आणि मी उभी असते.

"काय ग व्हर्ना, मुळं फुटली का पायांना?" कॉटनवूडच्या झाडाच्या सावलीत गाडी लावून बसलेला हॅल ब्रूस्टर ओरडला. पलीकडच्या गावच्या कॉलेजचा कोच, जुना सोबती, जुना वैरी. कागदात गुंडाळलेला बीरॉक, भरलेला पाव, खात होता — त्यातला कोबी-खिमा त्याच्या शर्टावर.

"तुझ्या मुली हरल्या की हलेन," ती म्हणाली. "आधी शर्ट पूस."

हसली खरी, पण मनात आकडेच चालले होते. पाच जणी खेळतात, चौघींचे आकडे धरतात, सगळ्यांत वाईट तो सोडून देतात — ही या खेळाची रीत. पण पाचवी, डॉन, तिचं मनगट काल मुरगळलं, आज चौघीच. सोडायला काही उरलंच नव्हतं. तिघी नीट पार झाल्या होत्या. राहिली टेस उनरू, पहिल्या वर्षाची, गव्हाच्या शेतावर वाढलेली. आज जिंकलं तर मे महिन्यात राष्ट्रीय स्पर्धा. हरलं तर आजच संपलं — जूनमध्ये व्हर्ना निवृत्त होणार, केक-बीक सगळं ठरलेलं. एक मे, अजून एकच मे मला द्या… कुणाजवळ मागत होती कोण जाणे.

तशी भुकेली नव्हती ती यशाची. व्यायामशाळेच्या भिंतीवर जिंकल्याचे झेंडे लागले होते, ज्या पोरी पहिल्या वर्षी चर्चच्या हॉलमध्ये जमिनीवर झोपून, तळ्यातून काढलेल्या जुन्या चेंडूंनी खेळल्या, त्यांच्यापासून इथवर… लोक म्हणायचे, व्हर्नाने शून्यातून उभं केलं. हो, केलं. पण शून्याच्याही आधीचं कुणी विचारत नाही.

अठ्ठावन्न साल. याच कॉलेजात मुलांचा संघ होता, हॅल त्यात पाचवा — त्याचे आकडे बहुतेक सोडूनच द्यायचे, तरी अंगावर कॉलेजचं स्वेटर होतं! आणि तिला सांगितलेलं, मुलींचा संघ नसतो, व्हर्ना, मुलं गेली की हवं तेवढं मार. मारायची. एप्रिलमधल्या अशाच एका संध्याकाळी, घरी शिवलेल्या स्कर्टमध्ये, याच जागेवरून, उसना सात नंबर… चेंडू वाऱ्यात चढला, क्षणभर लटकला, उतरला, होलपासून वितीवर थांबला. तिने मागे वळून पाहिलं. कुत्रंसुद्धा नव्हतं.

"कोच."

टेस केव्हा आली कळलंच नाही. तिच्या जोडीची, हॅलच्या संघातली मुलगी मारून मोकळी झाली होती, चेंडू हिरवळीवर पडला होता. शेवटची जोडी. टेसचा चेहरा पांढराफटक.

"किती पुढे आहोत, ते नका सांगू."

"नाही सांगत."

टेसने झेंड्याकडे पाहिलं, आणि रोजचं न विचारता भलतंच विचारलं, "तुम्ही असता तर काय मारलं असतं?"

"सात," व्हर्ना म्हणाली.

गवत उडवलं नाही. विचार केला नाही. हात सात म्हणाले — वीस वर्षांच्या, काटकुळ्या मुलीचे हात. या पोरीच्या खांद्यांना नऊ पुष्कळ झाला असता! नंबर जितका लहान तितका चेंडू लांब, हे मी हिला शिकवलं, मी! अगं थांब… पण टेस चेंडूवर उभी राहिली होती, आणि त्या क्षणी बोलायचं नसतं.

आवाज तर असा सुरेख आला की काळजात हललं. चेंडू चढला, झेंड्यावरून गेला, हिरवळीवरून गेला, मागच्या उंच गवतात नाहीसा झाला.

"वारा पडला वाटतं," टेस म्हणाली.

"वारा नाही, पोरी. मी चुकले. तो माझा नंबर होता, तुझा नव्हे."

टेस तिच्याकडे बघत राहिली. ओरडायला हवं होतं तिने, तेवढा हक्क होता. "म्हणजे तुम्ही इथून मारलाय?"

"एकदा."

"कसा गेला?"

व्हर्नाने वीत पसरून दाखवली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"आईशप्पथ," टेस म्हणाली, आणि हसली, घाबरलेलीच होती तरी हसली. "मग मागून वर काढते तो, बघाच. हा धरा, मला आता नको." सात नंबर तिच्या हातात कोंबून, पिशवी खांद्याला मारून ती निघाली. निघून गेली… सगळ्यांसारखी.

हातातला क्लब गरम होता. बोटं आपोआप एकमेकांत बसली. मागे आता कुणी यायचं नव्हतं. चेंडू नव्हता, नसू दे. पाय रोवले, आणि साठ वर्षांच्या कमरेने जेवढं दिलं तेवढं घेऊन तिने क्लब फिरवला — आणि मान वर. वाऱ्यात, कॉटनवूडच्या शेंड्याच्या वर, जिथे तो लटकतो तिथे बघत राहिली.

मागे कागद चुरगळल्याचा आवाज झाला. ती गोठली. आता बोलेल काहीतरी वाह्यात.

"वितीवर थांबला," हॅल हळूच म्हणाला. "पाहिला मी."

तिला वळता येईना. हिरवळीकडून टाळ्या आल्या — टेससाठी की हॅलच्या संघातल्या मुलीसाठी, इथून कळत नव्हतं, आणि बघायला मान खाली करावी लागली असती.