छपरावरचा कूलर आणि ऑपलचा दोरा

त्या ऑगस्टात ओरेगॉनच्या खोऱ्याभोवतीचं जंगल असं पेटलं, की धुराला गावात उभं राहायला जागा उरली नाही. गाई भर दुपारी गोठ्यात जाऊन झोपत. एक कावळा धुरावरच टेकून बसलेला पाहिला, असं पोस्टमन शपथेवर सांगायचा.

ऑपलला मात्र हसू येत नव्हतं. ड्वेनच्या शिवणघरात ती एकतीस वर्षं आग विझवणाऱ्यांचे पिवळे शर्ट शिवत होती. आता दम्यानं छाती धरली होती. डॉक्टरनं बजावलं होतं, शुक्रवारपर्यंत खोकला उतरला नाही तर मशीन सोडायचं. आज मंगळवार उजाडला होता.

ड्वेननं खिडक्या टेपनं बंद केल्या, दाराखाली टॉवेल कोंबले. तरी भिंतीवरच्या यंत्रात धुराचा आकडा चढतच होता. त्याचा सगळा भरवसा छपरावरच्या कूलरवर. बाहेरची हवा त्याच्या ओल्या भुशातून आत येते म्हणजे धुऊनच येते, असं अख्खं खोरं मानायचं. त्यात तो कूलर त्याच्या वडिलांनी बसवलेला.

ऑपल तुटका दोरा घेऊन फटी शोधायला निघाली. शेजारच्या मशीनवरची रोसाल्वा म्हणाली, म्हातारी आता धुराचं माप घेणार, त्याला शर्ट शिवणार. दाराच्या फटीशी धरलेला दोरा बाहेरच्या बाजूला उडाला. खिडकीशीही तेच. सगळ्या फटींतून हवा बाहेरच पळत होती. मग धूर येतो कुठून? ऑपलनं वर पाहिलं.

"अरे ड्वेन, तुझा कूलरच धूर ओढून आणतोय."

"पाण्यातून येते ना हवा."

"तुझा बाप अंघोळ करताना शॉवरखाली सिगार ओढायचा. बाथरूममधला धूर कधी धुतला गेला का? तुझ्या आईला विचार."

रोसाल्वा हसून हसून शर्टांच्या ढिगावर आडवी झाली. ड्वेन कानापर्यंत लाल झाला, पण मुकाट्यानं शिडी चढला. कूलर बंद करून त्यानं त्याच्या तोंडावर प्लॅस्टिक बांधलं.

आता आत भट्टी झाली. ऑपलनंच तोड काढली. काम पहाटे पाचला सुरू, अकराला घरी, इस्त्रीला सुट्टी. ड्वेननं हवा गाळायचे चार फिल्टर चौकोनात उभे करून टेपनं जोडले, वर पंखा चिकटवला. तो इतका घरघरायचा, की रोसाल्वानं त्याचं नाव धाकटा ड्वेन ठेवलं. यंत्रातला आकडा मात्र दोनशेवरून उतरत उतरत तिशीत आला.

शुक्रवारी डॉक्टरनं छाती दोनदा तपासली. खोकला निम्म्यावर आलाय, शिवा बिनधास्त, म्हणाला. केलंत काय? ऑपलनं सांगितलं, दोऱ्यानं धुराची मानगूट धरली आणि त्याला दाराबाहेर काढलं.

डॉक्टरनं चष्मा पुसला. मग छताकडे बघत हळूच म्हणाला, "आमच्याही छपरावर तसलाच कूलर आहे हो."

ऑपलनं पर्समधून दोरा काढला.